बाहेरचं पान

इस्तारीची झोप उडायला एक साधा प्रश्न पुरला. शिमगा होऊन गेल्यावर बापूजी आपल्या धाकट्या मुलासाठी इस्तारीच्या प्रेमिलाला बघायला आला. पोरगी पसंत पडली, चहा झाला, पानसुपारी झाली. उठता उठता पायात चपला सरकवत बापूजी म्हणाला, "इस्तारीभाऊ, तुमच्या घरी अक्षयतीजेले एक पान बाहेर पडते म्हणे. कोणाचं जी ते?"

इस्तारी पंचेचाळिशीचा माणूस, गावात दोन शब्द बोलायला पुढे असणारा, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

चामोर्शीच्या बाजूच्या त्या गावात अक्षयतृतीयेला घरोघर पूर्वजांची पानं मांडत. आंब्याचा टहाळा घातलेली पाण्याची घागर, आणि तिच्यासमोर ओसरीवर पळसाच्या पत्रावळी. पुरुषांचं एकेकाच्या नावाने एकेक पान. बायकांचं सगळ्यांचं मिळून एक. आयुष्यभर रांधून वाढणाऱ्यांना मेल्यावर एका पानात दाटीवाटीने बसवायचं, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. इस्तारीच्या घरी मात्र आणखी एक पान पडे, कुंपणाबाहेर, चिंचेखाली. त्या पानाला नाव नव्हतं. भात, कढी, वडा वाढून झाला की वरून वाळलेल्या मोहफुलांची चिमूट टाकायची, एवढा रिवाज होता. का, ते कोणी विचारलं नव्हतं. बाप सोमाजी करत होता म्हणून इस्तारी करत होता. सोमाजीने मरताना मुलाचा हात धरून सांगितलं होतं, "बाहेरच्याले आत घेऊ नको." आणि पुढचं काही न सांगता डोळे मिटले होते. काही बापांना अर्धं बोलून जायची फार हौस असते.

"बाहेरचा मेलेला घरात डोकावून राह्यते," बापूजी म्हणाला. "त्याचं नाव घ्या, पान आत मांडा. मी सोता येतो त्या दिवशी. पान आत आलं की तिथीच साक्षगंध उरकू, सोयरीक पक्की." बापूजी काही दुष्ट नव्हता. त्याची मोठी सून लग्नाच्या वर्षीच वारली होती, तेव्हापासून तो पावलापावलाला घाबरे. आणि प्रेमिलाने आईला, कुंताला, हळूच सांगितलं होतं की घर बरं आहे. प्रेमिलाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

त्या दिवसापासून इस्तारी पूर्वज मोजत सुटला. बांधावर बसला की मोजे, बैलांना पाणी दाखवताना मोजे. बाप सोमाजी, त्याचं पान होतं. आजा मुखरू, त्याचंही होतं. पणजा इतवारी मोठ्या दुष्काळात पटकीने गेला, तळ्याच्या पाळीवर जाळला, त्याचं पान तर पहिलंच. माणसं सगळी जागच्या जागी होती, कोणी कमी नव्हतं. मग बाहेर जेवत होता तो कोण? या विचाराने इस्तारीला घास गोड लागेना. कुंता म्हणाली, "मेलेल्याईले मोजून राह्यले, जित्या पोरीकडं पाहा जरा."

शेवटी तो म्हाताऱ्या आत्याकडे, गोकुळाबाईकडे गेला. तिने आधी कानाला हात लावले, मग सांगितलं, "गुत्ता होता म्हणे, दारूचा. एटापल्लीच्या वरतं, माडिया लोकायच्या पाड्यात. दारू पाजणाऱ्याले कोण आत घेते रे?"

"नाव काय होतं, आत्याबाई?"

"असल्याचं नाव घरात कोणी घेऊ देत नव्हतं."

हे ऐकून इस्तारी जास्तच बिथरला. त्याने जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं, आणि न लावल्याचा त्याला पिणाऱ्यांहून जास्त माज होता. आता त्याच्या डोळ्यांपुढे एक लाल डोळ्यांचा, भरल्या पोटाचा माणूस येऊन बसला. लोकांना बुडवणारा. कदाचित कोणाचा जीवही घेतला असेल त्याने. नाहीतर मरणारा बाप कशाला सांगेल, आत घेऊ नको? ओळखदेख नसलेल्या त्या माणसाची इस्तारीला लाज वाटू लागली, आणि भीतीही.

चैत्रात सागवान आणायला आलापल्लीकडे रिकामी निघालेली लॉरी मिळाली, तिच्यात तो चढला. अहेरीच्या बाजारात लच्छू नावाचा मीठवाला होता. मिठाच्या बदल्यात चारोळी घ्यायला तो वरच्या पाड्यांपर्यंत फिरायचा. इस्तारीने जुन्या गुत्त्याचं विचारल्यावर तो हसला. "तुमाले प्यायची आहे का पुसायची आहे? पुसायची असंल त कोलू बुढ्याकडं चला. त्या बाजूचं जुनं सारं त्याच्यापाशी आहे. मी उद्या जाऊनच राह्यलो तिकडं."

एटापल्ली मागे टाकून दोघे बैलगाडीने आणि मग पायी वर गेले. पाड्याच्या तोंडाशी मेलेल्यांसाठी उभे केलेले दगड होते, आणि मोहाखालची जमीन बायांनी फुलं वेचून स्वच्छ केली होती. कोलू अंगणात खाटेवर बसला होता. वाळून काटकुळा झालेला, ऐंशीच्या घरातला म्हातारा. पाहुणे आले म्हणून पानाच्या द्रोणांत मोहाची दारू आली. इस्तारीने हात जोडून नको म्हटलं. कोलूने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पिण्याआधी त्याने द्रोण कलता केला, आणि थेंब थेंब जमिनीवर सांडत आपल्या मेलेल्यांची नावं घेऊ लागला. माडिया नावं होती, इस्तारीच्या कानावरून नुसती वाहत गेली. मग मध्येच एक थेंब पडला आणि कोलू म्हणाला, "भागीरथा."

इस्तारी दचकला. "हे त आमच्याकडचं नाव आहे जी. कोण होती?"

"गुत्तेवाली बुढी," कोलू म्हणाला. लच्छूसारख्यांशी व्यवहार करून करून त्याला मराठी येत होती. "दुष्काळात आली खालून. नवरा मेला होता, कडेवर पोरगा. मुखरू."

मुखरू म्हणजे इस्तारीचा आजा; म्हणजे ही बुढी इस्तारीची पणजी. लाल डोळ्यांचा माणूस क्षणात कुठल्या कुठे गेला. गुत्ता बाईचा होता. इतके दिवस तो बाप्यांच्या ओळीत कोण कमी आहे ते शोधत होता, आणि कमी होती ती बायकांच्या पानातून. त्या पानात कोण आहे आणि कोण नाही, हे कोणी कधी मोजलंच नव्हतं.

"कशी होती?" त्याने विचारलं.

"उपाशी माणसाले दारू नाई दे. पह्यले आंबील पी म्हणे, मंग दारू. आमच्या घरी धान नसे तवा आमी पोरं गुत्त्यावरच जेवत होतो. बुढीबी आमच्यातच बसून जेवे." कोलूने द्रोण खाली ठेवला. "देवमाणूस होती असं नाई म्हणत मी. माझा मोठा भाऊ तिचीच दारू पिऊन मेला. त्याचंबी नाव घेतो, तिचंबी घेतो."

मग त्याने पुढचं सांगितलं. मुखरू लग्नाचा झाला तेव्हा खालून जातीचे पंच आले. पोराला परत घेतो म्हणाले, जातीला जेवण द्या. बुढीला घेणार नाही, ती कोणाच्याही हातचं खाते. भागीरथाने पोराला पाठवून दिलं. तो दर उन्हाळ्यात आईला भेटायला येई. शेवटच्या वेळी तिच्या पायांशी बसून रडला, की माय, जितेपणी नाही तर मेल्यावर तरी तुझं पान आत मांडीन.

"मी तिथीच बसलो होतो," कोलू म्हणाला. "बुढी म्हणे, आत घेऊ नको. मी आत गेली त हे पोरं बाहेर राह्यतीन. माह्यं पान बाहेरच ठेव, कोणालेबी येता आलं पाह्यजे."

आत घेऊ नको. बापाचे तेच शब्द. शाप समजून इस्तारी जे उराशी धरून बसला होता, ती एका म्हातारीची मागणी होती. बापापर्यंत आली तोवर ती अर्धीच उरली होती. इस्तारीला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"पान मांडता अजून?" कोलूने विचारलं.

"मांडतो."

"बाहेर?"

"बाहेर."

कोलू पहिल्यांदा हसला. "मंग यीन मी औंदा. लच्छू आणंल."

"या जी," इस्तारी म्हणाला, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर त्या दोन शब्दांनी त्याला कुरतडलं.

कारण नाव तर मिळालं होतं. नाव घ्यायचं, पान आत मांडायचं, पोरीचं साक्षगंध करायचं, सगळं सरळ झालं होतं. घरी त्याने कुंताला आणि प्रेमिलाला नाव तेवढं सांगितलं. बुढीची मागणी पोटातच ठेवली. मेलेलं माणूस काही बघायला येत नाही, असं तो स्वतःला समजावे, आणि कोलू येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवे. जेवता जेवता मध्येच उठे, कुंपणापर्यंत जाऊन परत येई. प्रेमिला नवं लुगडं घडी करून ठेवताना दिसली की त्याला आणखी चोरट्यासारखं होई.

अक्षयतृतीयेला बापूजी मुलाला आणि दोन भावकीतल्यांना घेऊन सकाळीच आला. ओसरी सारवलेली, घागर भरलेली. बायकांच्या पानाशेजारी कुंताने भागीरथाचं वेगळं पान मांडलं होतं. बापूजीने ते पाहून समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात कोलू आला. काठी टेकत, हातात फडक्याचं गाठोडं. त्याला पोचवून लच्छू गावातल्या आपल्या गिऱ्हाइकांकडे गेला. कोलू कुंपणाशी थांबला, चिंचेखाली गेला आणि जमिनीकडे बघत राहिला. तिथे पान नव्हतं. खांद्यावरचा पंचा अंथरून तो तिथे बसला आणि वाट पाहू लागला.

"तो कोण जी?" बापूजीने विचारलं.

"आमचा पाहुणा."

"मंग वाढा त्याले तिथी. तुमी नाव घ्या, उशीर होऊन राह्यला."

इस्तारी हात जोडून पानासमोर उभा राहिला. ओसरीवरून त्याला चिंचेखाली बसलेला म्हातारा दिसत होता. त्याच्या पुढ्यातली जमीन रिकामी होती. म्हातारीने आत जायचं नाकारलं होतं ते यासाठीच. इस्तारी खाली वाकला, भागीरथाचं वाढलेलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि पायऱ्या उतरला.

"इस्तारीभाऊ, विचार करा," मागून बापूजी म्हणाला.

"केला जी. महिनाभर तोच करून राह्यलो."

त्याने पान चिंचेखाली ठेवलं. कोलूने गाठोडं सोडून त्यावर मोहफुलं घातली. "भागीरथामाय, जेवाले ये," इस्तारी मोठ्याने म्हणाला, आणि कोलूच्या शेजारी मातीत मांडी घालून बसला.

बापूजी रागावला नाही. त्याने खिन्नपणे चपला घातल्या. मुलाने एकदा मागे वळून प्रेमिलाकडे पाहिलं आणि बापामागे निघून गेला.

इस्तारीची वर बघायची हिंमत होत नव्हती. पायरीवर पावलं वाजली. प्रेमिला भाताचं पातेलं घेऊन आली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रागाने भुवई चढलेली होती. "बाबा, मले एक डाव विचारलं असतं," ती म्हणाली. तिने आधी कोलूला वाढलं, मग बापाला. वाढतानाही ती रडतच होती.

कोलू घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला. किती तरी वर्षांनी ओळखीचं कोणी दिसावं तसा त्याचा चेहरा झाला होता. त्याने एक कोरी पत्रावळ उचलली आणि आपल्याशेजारी मातीवर मांडली.

"पह्यले जेव," तो म्हणाला. "मंग रड."

प्रेमिलाने पातेलं खाली ठेवलं आणि ती त्या पानावर बसली.