तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. हिरवा म्हणजे एके काळी हिरवा. आता धुऊन धुऊन माझा रंग कोणता, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. स्त्रियांच्या दवाखान्यात तपासणीच्या खाटेसमोर मी एकवीस वर्षे लटकतो आहे. शिंपी मला शिवताना म्हणाला होता, "मजबूत शिवलाय, कितीही ओढा." बायकांनी त्याचा शब्द अगदी मनावर घेतला!

त्याचे असे होई. मोठ्या डॉक्टरबाई विचारत, "काही त्रास?" समोरची बाई म्हणे, "छे, काही नाही." मग ती निघताना माझी कडा धरी आणि सिस्टरच्या कानाशी लागे, "जाता जाता एक विचारू का?" खरे दुखणे तेव्हा बाहेर येई. पाळीत उभे राहवत नाही, बाळंतपणानंतर उगीच रडू येते, मूल होत नाही म्हणून बोलणी खावी लागतात. तोवर डॉक्टरबाईंसमोर पुढची बाई बसलेली असे. त्या हातांनी माझी कडा काळवंडली. धोबी नाक मुरडी, पण मला तिचा भारी अभिमान होता.

आमच्या सिस्टर चव्वेचाळीस वर्षांच्या, गप्पिष्ट, पण परीक्षा म्हटली की भित्री भागूबाई. एम.एस्सी. नर्सिंगच्याही पुढे शिकायचे त्यांच्या मनात लग्नाआधीपासून होते. एकदा सूचना लागली: स्त्रियांच्या प्रजनन आरोग्यावर पीएचडीची संधी, जागा एक, वयाची अट नाही. डॉक्टरबाईंनी अर्जच त्यांच्या हातात ठेवला. घरी लेक म्हणाली, "आई, आता आपण दोघी मिळून नापास होऊ!"

मुलाखती तिसऱ्या मजल्यावर होणार होत्या. पण लिफ्ट बिघडली आणि पाहुण्या प्राध्यापकबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून सगळे आमच्याच खोलीत आले. प्राध्यापकबाईंनी विचारले, "हा विषय का निवडलात?" झाले! सिस्टरनी पाठ केलेली जड जड वाक्ये कुठल्या कुठे पळाली. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, कसेबसे आभार मानून उठल्या. मी मनात हळहळलो. इतक्यात त्यांचा हात माझ्या कडेवर पडला.

"जाता जाता एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "बायका खरं दुखणं उठून निघाल्यावरच सांगतात. बसल्या जागी का सांगवत नाही त्यांना? मला हे शोधायचंय."

प्राध्यापकबाई खो खो हसल्या. "अहो, गुडघ्यांचं मीसुद्धा डॉक्टरांना दारात पोचल्यावरच सांगते! या, परत बसा. आता नीट सांगा."

सिस्टर तासभर बोलल्या. जागा त्यांनाच मिळाली, आणि लेकीने शेजारीपाजारी पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली.

आता माझ्याजवळ दोन खुर्च्या मांडल्या आहेत. तपासणी झाली की सिस्टर प्रत्येकीला बसवतात, वही मिटलेलीच ठेवतात आणि घाई करत नाहीत. बायका बसून बोलतात. मला कोणी ओढत नाही. पुढच्या महिन्यात नवा पडदा येणार, माझी फडकी होणार. थोडे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझी काळजी नको. घरी आई, ताई, मावशी पोट धरून बसली आणि "काही नाही" म्हणाली, तर लगेच खेळायला पळू नका. तिच्या शेजारी बसा आणि पुन्हा एकदा विचारा.