लाटबाबा बोट बुडवत नाहीत

"झालं! हिरवं झालं!"

बाजारातल्या गोदामात चारशे माणसं एकदम ओरडली आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली. मंचावर, धुराच्या लोटात, लाटबाबांनी चिमट्यातलं शेवाळ उंच धरलं. मघाशी लालभडक होतं. हंड्यात बुडवून काढलं, तर हिरवंगार!

"रोगाची लाली समुद्राने ओढून घेतली!" बाबा गरजले. "सात दिवस श्वास रोखून समुद्राच्या बेंबीतून उपटून आणलंय हे! आता फेका ती औषधं!"

जिच्या नावाने ते बुडवलं होतं, त्या पहिल्या रांगेतल्या आत्याने रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी खरोखरच भिरकावली. ती मागे बसलेल्या भाचीच्या कपाळावर आपटली.

ही भाची समुद्री शेवाळं ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. म्हणून सगळे तिला शेवाळबाईच म्हणत.

"आत्या, मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडलीस, विसरलीस?"

"माझं शेवाळ हिरवं झालं ना? मग! तू जा, तुझी डबकी उपस."

जाताना प्रत्येकाला लाल शेवाळाचा एकेक झुबका मिळाला. शेवाळबाईने आपला थेट प्रयोगशाळेत नेला.

नमुना कुठून आणला: समुद्राच्या बेंबीतून (ऐकीव).

रंग: हा रकाना तिने रिकामा सोडला. लाल गटातली शेवाळं जांभळी, तपकिरी, कधी हिरवटसुद्धा दिसतात. रंगावर भाळणारा फसतो.

स्पर्श: ओल्या सुतळीसारखा. फांद्यांवर बारीक फोड.

छेद: ब्लेडने पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मध्ये मोठ्या बिनरंगी पेशी, कडेला चिमुकल्या रंगीत.

उकळून: गाळलेलं पाणी गार झालं आणि जेलीसारखं थिजलं.

निष्कर्ष: लाल शेवाळाची अगदी साधी जात. मासळीबाजारामागच्या खडकांवर ढिगाने उगवते. तिथे श्वास रोखावा लागतो, तो फक्त वासामुळे.

मग हिरवं कसं झालं?

रंगाचा रिकामा रकाना तिच्याकडे बघत राहिला आणि तिला नोकरीचा पहिला आठवडा आठवला. नमुने कागदावर पसरायला थंडच पाणी घ्यायचं असतं. हिची बोटं गारठली, म्हणून हिने किटलीतलं कढत पाणी ओतलं. अख्खा ट्रे हिरवा! हिने लगेच साहेबांना पत्र लिहिलं: 'नवी जात सापडली.' साहेब आजही ही दिसली की आधी किटली लपवतात.

अरे! म्हणून चिमटा!

दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या चहावाल्याला घेऊन गोदामात हजर.

"बाबा, आत्याचा रोग थोडा उरलाय हो. डोक्यात. परत बुडवा, पण बोटांनी."

"बोटांनी लाट दुखावते!"

"असं कसं दुखावते?" म्हणत आत्याच उठली, मंचावर चढली आणि हंड्याला हात लावला. "आई गं! भाजलं!"

धुरात लपलेली वाफ आता सगळ्यांना दिसली. शेवाळबाईने एक झुबका थंड पाण्यात बुडवला. लाल तो लालच. दुसरा चहावाल्याच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात. हिरवागार!

"सांगा, किटलीला कुठला रोग होता?"

"माझी किटली ठणठणीत आहे हां!" चहावाला भडकला.

"हिरवा रंग यात आधीपासूनच असतो," ती म्हणाली, "लालाखाली झाकलेला. लाल रंग नाजूक, उष्णतेने मोडतो. बस्स. कुणाचा रोग गेला नाही, शेवाळ शिजलं."

लाटबाबांना तेवढ्यात समुद्राचं बोलावणं आलं. मागच्या दाराने.

घरी आत्याने भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली. मग म्हणाली, "दे ती गोळी. थांब! आधी थंड पाण्यात बुडव, मग गरम."

"आत्या!"

"का? बाबाला एक नियम आणि डॉक्टरला दुसरा?"

शेवाळबाईला हसू आलं. प्रश्न मात्र रास्त होता. "गोळीची परीक्षा पाण्यात नाही, तुझ्या दंडावर," म्हणत तिने रक्तदाबाचं यंत्र बांधलं. आकडा एकशे नव्वद. आत्याने डॉक्टरांना फोन लावून, गोळी नेमकं काय करते म्हणत आधी फैलावर घेतलं, मग गोळी गिळली. आठवडाभराने आकडा एकशे चाळीसवर आला. तो आत्याने तीनदा मोजायला लावला.

प्रयोगशाळेतला रिकामा रकाना मग भरला:

रंग: लाल. कढत पाण्यात हिरवा. आत्यासमक्ष.

शेरा: चमत्कार दिसला तर टाळ्या जरूर वाजवा. पण औषध फेकण्याआधी हंडा गरम आहे का, तेवढं बघा.