लतिकाची तार वळवणारी पक्कड

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटायला घराघरांत असते तशी दांडगी नव्हे. माझी लांबी जेमतेम एका तळहाताची. माझी एक चोच गोल आहे आणि दुसरी चौकोनी. दातांवर बसवायची बारीक तार वळवण्यासाठी मला घडवलं गेलं. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव तुम्हाला सापडणार नाही. जबलपूरला, रांझीतल्या एका क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर, एका बापाने मला आपल्या हातांनी बनवलं. ही १९६५ सालची गोष्ट आहे.

त्याआधी मी कानस होते. लोखंड घासून गुळगुळीत करायचं हे माझं काम. माझे मालक शालिग्राम तोफांच्या कारखान्यात फिटर होते. मला त्यांच्या वडिलांनी नागपूरला विकत घेतलं होतं. वर्षानुवर्षं घासून माझी धार गेली, तेव्हा शालिग्रामांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिलं. तिथून मला सगळं घर दिसत असे.

घरात माणसं तीनच. शालिग्राम, त्यांच्या पत्नी भानुमतीबाई आणि अकरा वर्षांची लतिका. लतिकाचे वरचे पुढचे दात बाहेर आलेले होते. तिने कितीही प्रयत्न केला तरी ओठ मिटत नसत. शाळेतल्या मुली तिला 'कद्दूकस' म्हणत, म्हणजे किसणी. ती तोंडावर हात धरून बोलायला लागली, मग बोलायचीच कमी झाली. बाईंनी धडा वाचायला सांगितला की घसा दुखतो म्हणून बसून राहायची.

भानुमतीबाई ज्याला त्याला विचारत. शेजारच्या अंजनीबाई म्हणाल्या, "रोज सकाळी अंगठ्याने आत दाब, जातात मागे." तीन महिने रोज सकाळी ते झालं. लतिकाच्या डोळ्यांत पाणी यायचं, दात मात्र जागचे हलले नाहीत. कुणी म्हणे, मोठी झाली की चेहरा भरतो, तेव्हा आपोआप झाकतात. कुणी म्हणे, काढून टाका आणि खोटे बसवा. इतके सल्ले मिळाले, पण दातांच्या डॉक्टरांकडे जा असं एकानेही सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर चकमकी सुरू झाल्या होत्या. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी लागली. शालिग्राम घरी यायचे ते जेवून आडवे व्हायचे. भानुमतीबाईंनी एकदा लतिकाची गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, "मला काय समजते त्यातलं? तूच पाहून घे."

गंगा दशहऱ्याच्या दिवशी मायलेकी ग्वारीघाटाला नर्मदेच्या स्नानाला गेल्या. परत आल्या तेव्हा लतिकाच्या तोंडाशी रुमाल होता आणि तो लाल झाला होता. ती भिंतीकडे तोंड करून बसली. शालिग्राम पाळीवरून आले आणि दारातच थांबले.

"हे काय? काहून रडून राहिली ही?"

भानुमतीबाई पदराची गाठ चाचपत बोलू लागल्या. एकेक शब्द अडखळत आला. "घाटावर एक जण बसला होता, दातांचे डबे घेऊन. म्हणाला, बाईजी, एक मिनिट का काम है. दोन दात काढतो अन् इथंच नवे बसवून देतो. मला वाटलं, पोरीचा त्रास संपेल. त्याने एक काढला अन् ही अशी ओरडली... मी हिला उचललं अन् पळत सुटले. दुसरा नाही काढू दिला."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत लतिकाचा दात होता. मुळासकट निघालेला, पांढराशुभ्र.

शालिग्राम रागावतील असं मला वाटलं. त्यांनी तो दात तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तूच पाहून घे, असं मीच म्हणालो होतो ना. तू एकटीने काहून पाहायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. तिघं बसने शहरातल्या ओमती भागात गेले. तिथे डॉक्टर शरच्चंद्रांचा दातांचा दवाखाना होता. तिथे काय झालं ते भानुमतीबाईंनी संध्याकाळी अंजनीबाईंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरांनी दात हातात घेऊन म्हटलं होतं, "बाई, हा दुधाचा दात नाही. पक्का दात आहे, आणि अगदी निरोगी होता. तो आता परत येणार नाही."

बाकीचे दात मात्र मागे नेता येतील, असं त्यांनी सांगितलं. टाळूला चिकटून बसणारी एक प्लेट करायची. गेलेल्या दाताच्या जागी त्या प्लेटवरच एक खोटा दात लावायचा आणि उरलेल्या दातांवरून एक तार न्यायची. दर पंधरा दिवसांनी ती तार किंचित घट्ट करायची. दोन वर्षं लागतील. मुलगी वाढीच्या वयात आहे तोवरच हे नीट होईल, म्हणून उशीर नको. अडचण एकच होती. तार वळवायच्या त्यांच्या पकडीची चोच तुटली होती. तशी पक्कड परदेशातून यायची, आणि त्या दिवसांत तसला माल येतच नव्हता. मुंबईला दोन पत्रं लिहूनही उत्तर नव्हतं.

"ती तुटलेली मला द्या," एवढंच शालिग्राम म्हणाले.

ते घरी आले. तुटकी पक्कड समोर ठेवून त्यांनी कागदावर तिचं चित्र काढलं. मग खिडकीत हात घालून मला उचललं. कारखान्यातून एक खिळाही त्यांनी कधी घरी आणला नव्हता. जे करायचं ते आपल्या घरच्या लोखंडातून, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मित्रांनो, कानस म्हणून माझं आयुष्य त्या दिवशी संपलं. त्यांनी मला शेगडीत निखाऱ्यांमध्ये लाल केलं आणि राखेत सावकाश निवू दिलं. त्याने माझं अंग मऊ झालं. रोज पाळीला जायच्या आधी, सकाळचा एक तास, ते मला कापत, ठोकत, घासत. मला दुखलं का? दुखलं. पण भानुमतीबाई पंख्याने निखारे फुलवत बसलेल्या मी पाहत होते. ग्वारीघाटाच्या दिवसापासून त्या नीट जेवल्या नव्हत्या.

पहिल्या खेपेला माझी एक चोच तुटली. लाल करून पाण्यात बुडवल्याने पोलाद फार कडक झालं होतं. उरलेल्या तुकड्यातून शालिग्रामांनी ती पुन्हा घडवली. या वेळी तापवून तिळाच्या तेलात बुडवली, कडकपणा थोडा उतरावा म्हणून पुन्हा मंद आचेवर धरली आणि लतिकाला जवळ बोलावलं. "रंग पाहत राहा. गव्हाच्या काडीसारखा झाला की सांग. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही."

लतिका डोळे न मिटता पाहत होती. "आता, बाबा!" ती ओरडली. कितीतरी दिवसांनी तिने तोंडावर हात न धरता काही म्हटलं होतं.

डॉक्टरांनी मला हातात घेऊन तारेचा एक तुकडा वळवला. गोल वेढा, मग काटकोन, मग पुन्हा वेढा. चष्मा वर करून त्यांनी ती तार उजेडात धरली. "शालिग्रामजी, माझी जुनी पक्कडही इतकं नेमकं वळवत नव्हती," ते म्हणाले. शालिग्राम लाजून हातातल्या टोपीकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून मी त्या दवाखान्यात राहू लागले.

पुढे सप्टेंबरात लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. रांझीच्या बसला लटकून माणसं यायची. पण पंधरा दिवस झाले की भानुमतीबाई आणि लतिका दारात हजर. बस भरलेली असली तर चालत यायच्या. शालिग्रामांना जमलं की तेही येत, बाकावर बसत आणि डुलक्या घेत. डॉक्टर मला उचलत, तार केसभर आवळत, आणि लतिका खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवत असे.

थंडीत एकदा डॉक्टरांचा हात मध्येच थांबला. "ही प्लेट बसत नाही. बेटा, किती दिवस घातली नाहीस?"

"रोज घालते हो!" भानुमतीबाई घाईने म्हणाल्या.

लतिका खाली पाहत म्हणाली, "वीस दिवस."

"लतू! काहून गं?"

"बोलताना सीटी वाजते. मला 'स' म्हणता येत नाही. सगळ्या पुन्हा हसतात."

भानुमतीबाईंचा इतक्या महिन्यांचा धीर तिथेच सुटला. पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. "माझ्याचमुळे झालं हे. चांगला दात मी काढायला लावला."

लतिका खुर्चीवरून उतरली आणि आईजवळ गेली. "तू मला उचलून पळालीस ना, आई. दुसरा नाही काढू दिलास."

डॉक्टरांनी आपलं स्टूल पुढे ओढलं. मग ते भानुमतीबाईंना म्हणाले, "हिला रागावू नका. तोंडात नवीन वस्तू आली की जिभेला शिकायला वेळ लागतो. रोज दहा मिनिटं प्लेट घालून मोठ्याने वाचायला लावा. आणि तिला एकटीला नका बसवू, कुणीतरी ऐकायला बसा." त्यांनी मला उचललं आणि नव्याने तार वळवायला घेतली.

तेव्हापासून घरी लतिका रोज वाचू लागली आणि भानुमतीबाई भाजी निवडत समोर बसू लागल्या, असं मी पुढच्या खेपेला ऐकलं. महिन्याभरात सीटी थांबली. दोन वर्षांनी, १९६७च्या उन्हाळ्यात, डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. तिने ओठ मिटले. अगदी सहज मिटले. एक दात खोटा होता, तो कायम तसाच राहणार होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शालिग्राम बाकावरून उठले, मुलीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ती माझी भरभराटीची वर्षं होती. रेल्वेतल्या, तारघरातल्या, कारखान्यातल्या माणसांची मुलं येत. आईवडील घाबरलेले असत आणि तऱ्हेतऱ्हेचे सल्ले ऐकून आलेले असत. डॉक्टर त्यांना शांतपणे सांगत, "दुधाचा दात पडणारच आहे म्हणून किडू देऊ नका. पुढच्या दाताची जागा तो राखून ठेवतो. सात-आठ वर्षांचं मूल झालं की एकदा दाखवून जा." मग मला वर धरून म्हणत, "ही पाहा, एका बापाने बनवली आहे." मला फार अभिमान वाटत असे.

१९७१च्या डिसेंबरात पुन्हा लढाई झाली. ती संपल्यावर काही दिवसांनी सतरा वर्षांची लतिका दवाखान्यात आली. या वेळी तिने वडिलांना हाताला धरून आणलं होतं.

"डॉक्टरसाहेब, बाबांना पोळीचा घास घेता येत नाही. तोंडच उघडत नाही पूर्ण. मी म्हणते दाखवा, तर ऐकून नाही राहिले."

"काही नाही हो," शालिग्राम म्हणाले, "गरम चहाने भाजलं असेल."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, गाल बाजूला केला आणि पाहत राहिले. गालाच्या आत पांढरा डाग होता आणि मधोमध न भरणारी जखम.

"किती दिवस झाले?"

"सात-आठ महिने."

"तंबाखू?"

"ओव्हरटाइममध्ये डोळा लागू नये म्हणून... पासष्टच्या लढाईपासून. मग सुटलीच नाही."

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी दिवा बाजूला सारला. "दोन वर्षं तुम्ही या बाकावर बसलात, शालिग्रामजी. आणि मी तुम्हाला एकदाही आ करा म्हटलं नाही."

"मी पोरीसाठी यायचो ना," शालिग्राम समजुतीने म्हणाले. "माझं काहून पाहाल तुम्ही?"

मी ताटलीत पडून होते. मला फक्त तार वळवता येते. त्या दिवशी माझा काहीच उपयोग नव्हता.

त्यांना नागपूरला नेलं. तोंडाचा कॅन्सर निघाला आणि जबड्याचं मोठं ऑपरेशन झालं. लतिकाने कॉलेज सोडून त्यांची सेवा केली, पातळ पेज चमच्याने भरवली. पुढच्या चैत्रात ते गेले. बातमी सांगायला भानुमतीबाई आणि लतिका दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी मला लतिकापुढे धरलं. "ही तुझ्या बाबांची आहे. घेऊन जा." लतिकाने मला हातात घेतलं, माझ्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि परत ताटलीत ठेवलं. "इथे मुलं येतात," ती म्हणाली. "इथंच राहू द्या."

त्यानंतर डॉक्टरांनी एक नियम केला. मूल घेऊन आलेल्या आईला आणि बापाला ते आधी खुर्चीत बसवत. माणसं हसत, संकोचत. "अहो, दात पोराचे दाखवायचे आहेत!" डॉक्टर म्हणत, "आधी तुम्ही." एका रेल्वे गार्डच्या गालात त्यांना असाच डाग दिसला, अगदी लहान. त्याने तंबाखू सोडली, उपचार घेतले आणि तो वाचला. अशी माणसं आणखीही निघाली. मोजली कुणीच नाहीत.

पुढे डॉक्टर थकले. नव्या डॉक्टरांकडे चकचकीत हत्यारं आली. मी आधी खणात गेले, मग खिळ्यांच्या डब्यात. कधी कुणी माझ्याने वायर तोडली, कधी सुपारी फोडली. आता माझा खिळा गंजला आहे आणि चोच नीट मिटत नाही. माझी तक्रार नाही. लोखंडाचं असंच व्हायचं.

पण माणसाचं असं होऊ देऊ नका, मित्रांनो. तुमचा दात दुखला, वाकडा आला, तर लपवू नका. सांगा, आणि जाणत्या डॉक्टरांनाच दाखवा. आणि अजून एक माझं ऐका. तुमच्या दातांची काळजी करणारी माणसं स्वतःच्या तोंडात कधी पाहत नाहीत. दिवसाउजेडी त्यांना दारात बसवा आणि म्हणा, "बाबा, आ करा. आई, आता तू." ती हसतील, नको म्हणतील. तरी उठू देऊ नका.