ललिताची जट

आमच्या घराण्यात केस कुरळे. माझ्या आईचे तसे, माझे तसे. मुलगा आकाराम तेवढा बापावर गेला, पण त्याची पोर ललिता पुन्हा माझ्यावर आली. कुरळ्या केसाला कोरडी फणी चालत नाही. आधी पाण्याचा हात, मग कोमट खोबरेल, मग टोकाकडनं सुरुवात करून वर वर जायचं. एवढं साधं आहे, पण सरळ केसाच्या बाईला ते कळत नाही. माझी सून कालिंदी सरळ केसाची, गगनबावड्याकडची.

बहात्तर सालच्या श्रावणात तिच्या माहेरची माणसं कोल्हापूरला आली होती. मी ललिताला पुढ्यात घेऊन वेणी घालत होते. कालिंदी पोह्यांच्या बश्या देता देता म्हणाली, "ह्या केसाला वळणच न्हाय बगा. अगदी आजीगत." पावणे हसले. मी फणी खाली ठेवली.

"आजपास्नं तुझी पोर तूच विंचर."

आणि खरंच हात लावला नाही. मी एकदा बोलले की बोलले. कालिंदी मुळातनं फणी ओढायची, पोर बोंबलायची, मग तसाच बुचडा बांधून तिला शाळेत धाडायची. त्यात पोरीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस अंथरुणावर, डोक्यावरनं पाणी नाही. ताप उतरला तेव्हा मानेवरचे केस चिकटून त्यांचा दोर झाला होता.

मंगळवारी यल्लव्वा आली. यल्लव्वा आमच्या पेठेतली जोगतीण. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायची. तिची स्वतःची जट कमरेच्या खाली. तिनं ललिताच्या मानेवर हात फिरवला आणि परडीतला चिमूटभर भंडारा त्या गुंत्यावर टाकला.

"आईनं धरलीया हिला. ताप उगंच न्हाय आला. आता फणी लावू नगा, रगात वकंल पोर. मार्गशीर्षाच्या पुनवंला डोंगराव न्या."

देवीच्या डोंगरावर नेलेली पोर गळ्यात तिचे मोती बांधून, देवीला सोडलेली म्हणून परत येते. मग तिचं लग्न नाही, आणि परडी हातात. यल्लव्वाला अशीच नेली होती, नऊ वर्षांची असताना. ललिताला आठवं सरत होतं.

आकाराम बिद्रीला साखर कारखान्यात होता, शनिवारी घरी यायचा. आला, पोरीकडं बघितलं आणि म्हणाला, "देवीचं असंल तर आपुन काय करणार?" एवढा उंच गडी, पण उत्तर एवढंच. शेजारची धोंडुबाई तर येऊन पोरीच्या पाया पडून गेली. कालिंदी चुलीपुढं बसून रडायची. ललितानं मला विचारलं, "आजी, मग मी सहामाहीला न्हाय बसायचं व्हय?"

देवीला मी मानते. आजही मानते. पण देवी कुणाच्या रुसव्याच्या वाटेनं घरात येत नाही, एवढं मला कळत होतं.

आकाराम बिद्रीला गेल्यावर सोमवारी मी ताक, तेलाची वाटी आणि वाकळ शिवायचं दाभण घेऊन सोप्यात बसले. ललिताला हाक मारली. कालिंदी आडवी आली.

"आत्याबाई, हात लावू नका! पोर मरंल माझी."

"सर बाजूला."

"न्हाय सरत. देवीचं हाय ते."

"देवीचं न्हाय. माझं हाय."

पुढचं बोलायला माझी जीभ वळेना, पण बोलले. "दोन म्हैनं मी फणी धरली न्हाय. का, तर तू माझ्या केसाला हसलीस. ही गाठ माझ्या रागानं झालीया. कुणी रगात वकायचंच असंल तर मी वकतो. मग तर झालं?"

चुकलं हा शब्द मी तेव्हाही उच्चारला नाही. पण कालिंदी बाजूला झाली आणि पोरीचं डोकं धरून बसली.

दोन दिवस लागले. ताक चोळायचं, तेल मुरवायचं, दाभणाच्या टोकानं एकेक केस सुटा करायचा.

"आजी, दाभणानं वाकळ शिवत्यात, डोस्कं न्हवं."

"तुझं डोस्कं न् वाकळ सारखंच. गप बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाठीच्या पोटातनं शाळेच्या हिरव्या रिबिनीचा तुकडा निघाला. त्याला तीन गाठी. बुचडा सुटू नये म्हणून कालिंदी मारायची तसल्या. तिनं तो बघितला, मी बघितला. मी तो बाजूला ठेवला आणि पुढचा केस धरला.

पुढं तीन दिवस ती तासातासाला पोरीच्या कपाळाला हात लावायची. कपाळ गार. चौथ्या दिवशी तिनंच तेल कोमट करून आणलं आणि विचारलं, "टोकाकडनं न्हवं का?"

पंधरा दिवसांनी यल्लव्वा पुन्हा आली. ललिता दोन वेण्या घालून उंबऱ्यात पाढे म्हणत होती. यल्लव्वा जागच्या जागी उभी राहिली. मी रिबिनीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"हे बघ, हिच्या जटंत काय हुतं."

तिनं तो उलटापालटा केला. "किती दिस लागलं?"

"दोन."

"माझ्या आयला दोन दिस कुठलं बसाय मिळायचं? रोजगाराला जायाची ती."

"तेल हाय अजून," मी म्हणाले. "बस की."

"आता नगं, आक्का. ह्या जटंवरच पोट हाय." तिनं तुकडा मला परत दिला आणि परडी पुढं केली. मी दोन मुठी पीठ जास्त घातलं.

जाताना तिनं ललिताच्या कपाळाला भंडारा लावला. लावताना दुसऱ्या हातानं पोरीचे केस मागं धरले होते, एक कणसुद्धा केसांवर पडू नये म्हणून.