तिरक्या भिंतीजवळची जाळी

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला संगणक आहे. कार्यालयाच्या एका कोपऱ्यात बसून कागद छापून देणे, एवढेच काम आता माझ्याकडे उरले आहे.

माझी जुळणी झाली तेव्हा मात्र इथे माझ्या तोडीचा कोणी नव्हता. वारा कुठून कसा वाहील, हे मी आधीच हिशेब करून सांगत असे. त्यासाठी मोकळ्या जागेवर एक जाळी आखतात आणि तिच्या एकेका घरातला वारा मी मोजतो. भिंती सरळ असल्या की घरे चौकोनी बसतात, जिवाला त्रास नसतो. भिंत तिरकी आली की घरे चेपतात, कलंडतात आणि माझ्या आकड्यांचा भरवसा उरत नाही.

माझ्यासमोर एक अभियंता बाई बसत. सगळे त्यांना ताई म्हणत. एकदा डोंगरातल्या बोगद्याचे काम आले. खडकातून विषारी वायू झिरपत होता. ताजी हवा आणणारी वाट मुख्य बोगद्याला तिरकी मिळत होती. हवा सगळीकडे पोचेल, असे उत्तर मी दिले. साहेब खूश झाले.

"झकास! पाठवून देऊ. तिथली माणसं खोळंबलीत."

ताईंनी चित्र मोठे करून पाहिले. "साहेब, हा निमुळता कोपरा बघा. इथली घरं पार चिरडलीत. मला नाही पटत हे उत्तर."

"अहो, एवढ्याशा कोपऱ्यानं काय होतंय?"

"तिथंच माणसं खोदणार आहेत."

साहेब खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. "आखा पुन्हा. बोगद्यावरच्या मुकादमाला मी सांगतो थांबायला."

ताईंनी चित्रातल्या जागेचे तुकडे पाडले. रेषा तिरक्या भिंतीच्या कलाने वळवल्या. कोपऱ्याच्या टोकापाशी वेगळा तुकडा बसवला, म्हणजे तिथली घरे चेपणार नाहीत. पण एकीकडे सुधारले की दुसरीकडे बिघडे. "चटईची सुरकुती झालीय नुसती! इथं दाबली की तिथं वर येते," त्या वैतागून म्हणाल्या. तरी त्यांनी नाद सोडला नाही. अखेर जाळी मनासारखी बसली.

आणि ऐन हिशेबात मीच तापून बंद पडलो. साहेबांनी कपाळाला हात लावला. "भंगारात घाला हा खटारा!"

"त्याला कधी कुणी पुसलंय का, साहेब?" असे म्हणत ताईंनी माझे झाकण उघडले. पंख्यात धुळीचा गोळा अडकला होता. तो त्यांनी ब्रशने हळूच काढला. मला किती मोकळे वाटले!

मग खरे उत्तर निघाले. हवा कोपऱ्याला वळसा घालून पुढे जात होती आणि कोपऱ्यात वायू साचत होता. आधीच्या वाकड्या घरांनी चांगली-वाईट हवा माझ्या हिशेबात उगीच मिसळून टाकली होती.

मुकादम आला, त्याने चित्रातल्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "माझा मेहुणा आहे हो तिथं खोदणाऱ्या टोळीत."

हवेचा नळ थेट कोपऱ्यापर्यंत नेला. तिथली हवा तपासून मगच माणसे आत गेली. काम संपल्यावर मुकादम मेहुण्याला घेऊन आला. मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "हाच का तो?"

पुढे ताई दुसरीकडे गेल्या, नवे यंत्र आले. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. पंखा पुन्हा घरघरतो. असो.

मित्रांनो, जमले तर आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि आणखी एक सांगतो. चुकीचे उत्तरही मी तितक्याच सुबक रंगांत दाखवतो. मला त्यातला फरक कळत नाही. पडद्यासमोरून उठण्याआधी तो तुम्हीच पाहायला हवा.