थर्मासने घरून आणलेली उष्णता

देवाशपथ! गळ्याशपथ! या थर्मासची शपथ! यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो.

साल ब्याऐंशी. वाशीत तेव्हा बिल्डिंगा कमी आणि चिखल जास्त. मी तुर्भ्याला एका केमिकल फॅक्टरीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायचे. लग्नात अर्धवट सुटलेलं बी.एस्सी. दोन पोरं झाल्यावर परत हातात घेतलेलं. मॅनेजर म्हणाला होता, "प्रॅक्टिकल पास झालात तर केमिस्ट. नाहीतर ब्रश आहेच, बाई."

ब्रशचा वीट आला होता मला. सकाळी पाणी भरा, डबे करा, मग फॅक्टरी, मग घर. परीक्षेच्या दिवशी बसस्टॉपच्या खांबाला टेकून झोपले, तर माझ्या थकव्याने तो खांबसुद्धा वाकला. अजून तसाच आहे, जाऊन बघा.

प्रश्न आला, ॲसिड आणि अल्कली मिसळल्यावर किती उष्णता निघते ते काढा. सोपं असतं. आधी दोन्हीचं तापमान घ्यायचं, मग मिसळायचं आणि पारा किती चढला ते बघायचं. पन्नास-पन्नास मिली, म्हणजे शंभर ग्रॅम पाणीच समजा. गुणिले चढलेल्या डिग्र्या, की आल्या कॅलरी. फक्त भांड्यातून उष्णता पळायला नको.

आणि नेमकं तेच भांडं फुटलेलं! कॉलेजच्या लॅबचा प्यून धर्मा, करावे गावचा, म्हणाला, "बाय, दुसरा नाय हाय. तुजा थर्मास हाय ना, त्यान कर."

थर्मासमध्ये चहा होता, दिवसभर डोळे उघडे ठेवायला आणलेला. सहा कप उकळता चहा मी उभ्याउभ्या एका घोटात प्यायले. थर्मास धुतला, पुसला, आणि ॲसिड-अल्कली दोन्ही ओतून बूच लावलं.

धाड! बूच उडालं, पंख्यावर बसलं, तीन चकरा मारल्या आणि परत थर्मासच्या तोंडावर येऊन बसलं.

पारा अठ्ठावीसवरून अडतीसवर. हिशोब केला, हजार कॅलरी, आणि पन्नास मिलीत ॲसिड पॉइंट झीरो फाइव्ह मोल, म्हणजे मोलला वीस हजार कॅलरी. पुस्तकात साधारण पावणेचौदा हजार! शेजारच्या टेबलावरची स्मिता कुजबुजली, "अहो काकू, पस्तीस लिहा ना. कोण बघतंय?"

खरं सांगते, पेन कागदाला टेकलं होतं. दमलेल्या माणसाला खोटं फार सोपं वाटतं. तेवढ्यात मागून परीक्षक बोलले. रावसाहेब म्हणायचे सगळे त्यांना.

"दहा डिग्री? बाई, ही जास्तीची उष्णता आणली कुठून?"

मी थर्मासकडे बघितलं आणि माझं मलाच कळलं.

"घरून आणली, सर."

"काय?"

"रोज चहा भरायच्या आधी थर्मास उकळत्या पाण्याने विसळते. चहा गरम राहतो. आत्तापण हाताने तेच केलं, वॉटरबाथचं उकळतं पाणी घेऊन. काच तापलेली होती, सर."

"मग परत करा."

धर्माने मान हलवली. "ॲसिड संपला, साहेब."

रावसाहेबांनी घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे ब्रश नाचायला लागला. आणि सुचलं.

"सर, पाणी तर आहे ना?"

थर्मास परत तसाच उकळत्या पाण्याने विसळला. आत शंभर मिली साधं पाणी ओतलं, अठ्ठावीस डिग्रीचं. पारा एकतीसवर थांबला. म्हणजे तीन डिग्र्या काचेच्या, सात ॲसिड-अल्कलीच्या. सातशे कॅलरी भागिले पॉइंट झीरो फाइव्ह. चौदा हजार!

रावसाहेबांनी कागदावर सही केली. मग म्हणाले, "जा घरी, बाई. झोपा जरा."

झोप कसली! घरी गेले तर कुकर लावायचा होता. पण पुढच्या महिन्यात ब्रश दुसरीच्या हातात गेला, आणि माझ्या केमिस्टच्या कोटाच्या खिशाला पेन आलं.

आता असं बघू नका माझ्याकडे. बरं, एक गोष्ट खोटी आहे. तो चहा मी प्यायले नव्हते. सगळाच्या सगळा बेसिनमध्ये ओतला, आणि त्याचा वास येत होता तोवर तिथेच उभी राहिले.

बूच मात्र खरंच उडालं होतं.