अकरा नावांचं मस्टर

पाटी लावायची कल्पना शीलाताईंचीच. डोंबिवलीतल्या त्यांच्या ब्लॉकच्या दारावर यजमानांच्या नावाची पितळी पाटी होती. तिच्या खाली त्यांनी फडके रोडवरून करून आणलेली नवी पाटी ठोकून घेतली. वर हॉलंडच्या कंपनीचं नाव, मग 'भारत कार्यालय', आणि खाली 'व्यवस्थापक : अक्षदा सु. कोतवडेकर'.

"आजी, आमचं ऑफिस म्हणजे माझा लॅपटॉप," नात हसली होती. "त्यांनी नुसता पत्रं यायला पत्ता मागितलेला."

"माणसं कामाला ठेवलीत ना? मग पाटी हवी आणि मस्टर हवं. साहेब कुठल्याही देशात बसलेला असू दे."

पाटीचा फोटो अक्षदानं हॉलंडला पाठवला. तिकडच्या बाईंनी उत्तरादाखल एक लाल बदाम धाडला. तीन वर्षांत तिकडून आलेली तेवढीच लेखी संमती.

शीलाताईंनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं काढली होती. भोंगा झाला की फाटकाशी उभ्या राहणाऱ्या चारशे माणसांना त्या चालीवरून ओळखत. त्यामुळे सकाळी साडेनऊला अक्षदाच्या पडद्यावर एकेक चेहरा उगवू लागला, कुणी बदलापूरचा, कुणी कळव्याचा, तेव्हा त्यांना राहवेना. त्या मागे खुर्ची टाकून बसत आणि लांबट वही उघडत. हजर असेल त्याला निळी खूण, नसेल त्याला लाल. अक्षदा धरून अकरा नावं.

"आजी, आलोय हां मी, लाल नका मारू," दर्शन ओरडायचा.

"नऊ पस्तीस झाले. आमच्याकडे तुला फाटकातून परत पाठवला असता."

महिनाअखेरीला त्या वही अक्षदासमोर धरत. 'तपासले. व्यवस्थापक', आणि खाली सही. एका हातात चहाचा कप धरून अक्षदा न वाचताच सही ठोकून द्यायची.

कंपनीला इथं रीतसर नोंदणी करायची नव्हती. माणसं अक्षदानं शोधायची, कामं तिनं वाटायची, रजा तिनं द्यायच्या. करारात मात्र सगळे 'स्वतंत्र सल्लागार'. फंड नाही, भरपगारी सुट्टी नाही.

"सल्लागाराला रजा मागावी लागते का गं?" शीलाताईंनी एकदा विचारलं होतं.

"आजी, आता तसंच असतं सगळीकडे."

मग आंबिवलीच्या भाविकाला सातवा महिना लागला. तिनं बाळंतपणाची रजा मागितली. हॉलंडहून दोन ओळी आल्या. करार संपला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. भाविकानं कामगार खात्यात तक्रार दिली. त्यानंतरच्या सोमवारी साडेनऊला पडदा उघडलाच नाही. अक्षदाचा नाही, कुणाचाच नाही. तीन वर्षांचे निरोप, करार, कामाच्या याद्या, तिकडच्या साहेबांचे हुकूम, सारं कुणीतरी तिकडून पुसून टाकलं होतं. फोन केला तर तो क्रमांक अस्तित्वात नव्हता. शीलाताई वही उघडून बसल्या होत्या. निळी करावी की लाल, त्यांना कळेना. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

आठवड्याभरात खात्याचं पत्र आलं, पाटी लावलेल्या पत्त्यावर, पाटीवरच्या नावानं. गुरुवारी अकरा वाजता अधिकारी येतील, हजेरीच्या नोंदी तयार ठेवाव्यात.

बुधवारी अद्वय आला. अक्षदाच्या कॉलेजातला मित्र, आता ठाण्यात वकिली करतो. बेल वाजवायच्या आधी तो दाराबाहेर बराच वेळ उभा होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"पाटी कुणी लावली?"

"मी," शीलाताई म्हणाल्या.

त्यानं वही चाळली. पानं उलटता उलटता त्याचा वेग कमी होत गेला.

"आजी, दहा माणसं असली की बाळंतपणाच्या रजेचा कायदा लागतो. इथं अकरा आहेत. वर्षात ऐंशी दिवस काम केलं असेल तर बाईला रजा द्यावीच लागते. भाविकाचे अडीचशे भरलेत, तुमच्या निळ्या शाईत. आणि दर पानाखाली व्यवस्थापक म्हणून हिची सही."

"पण हुकूम तिकडचे होते."

"असतील. तिकडच्या माणसाला शोधायला हॉलंडला कोण जातंय? जो हाताशी सापडतो त्याच्यावर केस होते."

तो गेल्यावर अक्षदा आजीच्या पायाशी येऊन बसली. लहानपणी बसायची तशी.

"ही वही नसली ना, तर मीसुद्धा बाकीच्या दहांसारखीच एक. नोकरी गेलेली. बस. दुसरा कागदच नाही कुणाकडे."

"म्हणून तर ती हवी," शीलाताई म्हणाल्या आणि वही मिटून मांडीवर घेतली. अक्षदाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. सुदेश, म्हणजे अक्षदाचे वडील, नाशिकहून रोज फोन करून एकच विचारत होते, "वहीचं काय केलंस, आई?"

शहाण्णव साली कारखाना बंद पडायच्या आधी मालकांचा माणूस गाडी घेऊन आला होता. म्हणाला, ऑडिटसाठी मस्टरं हवीत. शीलाताईंनी सव्वीस वर्षांची मस्टरं सुतळीनं बांधली आणि स्वतःच्या हातांनी डिकीत ठेवली. पोच मागितली तर तो हसला. "पोच कसली, शीलाबाई? मी कुठं पळून जातोय?" मस्टरं परत आलीच नाहीत, आणि पुराव्याअभावी कामगारांची देणी बुडाली. पुढे नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत लेथवरचा दगडू भेटला. त्यानं नमस्कार केला, आणि विचारलं, "बाई, माझं नाव होतं ना तुमच्या वहीत?"

"होतं, दगडू."

"मग वही कुठाय?"

देवीसमोर ढोल वाजत होते. त्यातूनही तो प्रश्न त्यांना स्वच्छ ऐकू आला होता, आणि अजून येत होता.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना भाविका आली. तीन जिने चढून तिला धाप लागली होती. शीलाताईंनी तिला पडद्यावर रोज पाहिलं होतं, पण ती एवढी ठेंगणी असेल असं वाटलं नव्हतं. पाणी पिऊन तिनं पेला खाली ठेवला आणि अक्षदाकडे न बघता विचारलं,

"आजी, ती वही आहे ना अजून?"

अक्षदा खिडकीशी उभी होती. तिनं मान वळवली नाही. शीलाताई उठल्या, देवघराखालचा खण उघडला, आणि वही आणून टेबलावर ठेवली.

अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी एकेक पान पाहिलं, फोटो काढले. "फार सुरेख ठेवलंय. असं मस्टर हल्ली मोठ्या कंपन्यांतही दिसत नाही. हे मी घेऊन जाते."

"पोच द्या," शीलाताई म्हणाल्या.

बाईंनी कागद काढला. मालकाचं नाव लिहायच्या जागी त्यांचं पेन थांबलं. उघड्या दारातून त्यांनी पाटीकडे पाहिलं.

"मालक हॉलंडला आहेत," शीलाताई घाईनं म्हणाल्या.

"त्यांची सही आहे यात कुठं?"

नव्हती. बाईंनी अक्षदाकडे पाहिलं. "या सह्या तुमच्या?"

अक्षदानं एकदा आजीकडे पाहिलं. "माझ्याच."

बाईंनी नाव लिहिलं, शिक्का मारला आणि पोच शीलाताईंच्या हातात दिली. तीस वर्षांपूर्वी हवा होता तो कागद. त्यावर 'मालक' या शब्दासमोर नातीचं नाव होतं.

पोटावर हात ठेवून भाविका जिना उतरू लागली. दर पायरीला थांबत होती.

अधिकारी बाई चपला घालताना वळल्या. "तारीख कळवू. तुम्हालाही यावं लागेल, आजी. साक्षीला. अक्षर तुमचं आहे."

दार लागलं. मग खिडकीशी उभ्या असलेल्या अक्षदानं अगदी हळू विचारलं, "कुणाच्या बाजूनं येशील?"

शीलाताई पोचेची घडी घालत होत्या. चार घड्या झाल्या तरी त्या घालतच राहिल्या.